मामीला न दिलेला दुजोरा

माझ्या मामीला लाल आणि पिवळ्याच्या मधले अकरा रंग ओळखता यायचे. कापडाच्या बाबतीत ती अगदीच ढ होती. मामाच्या शर्टाला हाताला लागेल त्या धाग्याने बटण लावून मोकळी व्हायची. तिचे अकरा रंग प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या ताटलीतले. त्या ताटलीला शहाण्णव बारीक खळगे असतात, प्रत्येक खळग्यात चार थेंब लालसर पाणी आणि त्या पाण्यात कुणाच्या तरी रक्तातून वेगळ्या काढलेल्या पेशी. पेशी जाग्या होऊन वाढायला लागल्या की पाणी हळूहळू पिवळं पडतं, झोपून राहिल्या तर लालच राहतं. हे मोजायला यंत्र आहे. पण मामी ताटली खिडकीच्या उजेडात धरायची आणि यंत्राच्या आधी निकाल सांगायची, "हे उठले. हे अजून आळस देतायत. यांना आता देवही उठवणार नाही." अर्ध्या तासाने यंत्राचा कागद यायचा आणि त्यावर तेच असायचं.

मी अकरा वर्षांची असताना आई गेली आणि मामा मला घेऊन आला. मामा घड्याळं दुरुस्त करायचा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातल्या एका खोलीत निम्मी जागा बंद पडलेल्या घड्याळांची. मामी तेव्हा त्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला होती. सकाळी भांडी, दुपारी कॉलेज, संध्याकाळी मी आणि माझं गणित, असं करत ती शिकली आणि टेक्निशियन झाली. पुढे मलाही तिनेच तिथे चिकटवलं. घरी ती मामी, कामावर सगळ्यांच्या तोंडी 'बाई'. मी मात्र दोन्हीकडे भिंगरी, कारण माझा पाय एका जागी ठरत नाही आणि हातातलं काम निम्म्यात असताना डोकं पुढच्या कामात असतं. हे नाव तिनेच ठेवलं होतं, लाडाने. आता त्या नावाचा मला राग येतो, तिचा नाही.

जेवताना मामाला रोज एक प्रश्न असायचा, "काय म्हणतायत तुमचे पहारेकरी?" पहारेकरी म्हणजे टी पेशी. रक्तात फिरतात, परका दिसला की धरतात. मामीने त्याला एकदा नीट समजावलं होतं. नुसतं परकं दिसून भागत नाही. जी पेशी परक्याचा तुकडा आणून दाखवते, तिने त्याच वेळी दुसरी खूणही द्यावी लागते. ही दुसरी खूण देणाऱ्या-घेणाऱ्या रेणूंना पुस्तकात सहउत्तेजक रेणू म्हणतात. मामी त्याला सरळ 'दुजोरा' म्हणायची.

"म्हणजे एकाने चोर म्हणायचं, दुसऱ्याने हो म्हणायचं, मगच काठी," मामा म्हणाला.

"हो. नाहीतर ती आपल्याच घरच्यांना बडवत सुटेल. आणि बडवून झालं की थांबवायलाही कुणीतरी लागतं. म्हणून पेशी नंतर अंगावर दुसरा एक रेणू काढते. तो दुजोऱ्याचीच जागा अडवून बसतो. तो ब्रेक."

"आणि दुसऱ्याने हो म्हटलंच नाही तर? झोपतो पहारेकरी?"

"झोपला तर बरंच की. तो सुन्न होतो. नंतर खरा चोर आणून उभा करा, दोन्ही खुणा द्या, तरी जागचा हलत नाही."

"माझ्या दुकानात असली घड्याळं ढिगाने आहेत," मामा म्हणाला आणि त्याने भात वाढून घेतला.

माणसांची पेशींशी तुलना केलेली मामीला खपायची नाही. एका समारंभात कुणी पाहुण्याने 'आपण सारे समाजाच्या पेशी' असं भाषण केलं, तर ती पहिल्या रांगेतून उठून चहा प्यायला गेली होती. म्हणून मीही ती करणार नाही. जे झालं तेवढंच सांगते.

आमच्या प्रयोगशाळेकडे किडनी बदललेल्या रोग्यांचं काम होतं. दुसऱ्याची किडनी बसवली की शरीराचे पहारेकरी तिला परकी समजून तिच्यावर धावून जातात. ते होऊ नये म्हणून रोग्यांना एक नवं औषध दिलं जायचं. ते दुजोरा देणाऱ्या रेणूवर जाऊन बसायचं आणि खूण झाकून टाकायचं. सोबत जुन्या गोळ्याही असत, पण त्या गोळ्यांनी हाडं पोकळ व्हायची, तोंड सुजायचं. म्हणून दर महिन्याला रोग्यांचं रक्त आमच्याकडे यायचं. आम्ही त्यातल्या पेशींना ताटलीत दोन्ही खुणा द्यायचो. पहिली खूण एका बाटलीतून, दुसरी दुसऱ्या बाटलीतून. दुसरीला आम्ही 'अठ्ठावीसची बाटली' म्हणायचो, पेशीवरच्या त्या रेणूचा नंबर अठ्ठावीस म्हणून. दोन्ही खुणा देऊनही ज्याच्या पेशी शांत, त्याच्या गोळ्या आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, कमी करायचे.

त्या रोग्यांत एक शिंपी होता. चाळिशीचा, बोलका. रक्त द्यायला हात पुढे करायचा आणि दुसऱ्या हाताने माझ्या पांढऱ्या कोटाची शिवण चाचपायचा. "हा खांदा कुणी बसवला? त्याला आधी ॲडमिट करा," म्हणायचा. त्याची किडनी त्याच्या थोरल्या बहिणीने दिलेली. ती प्रत्येक वेळी सोबत असायची, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, दाराकडे तोंड करून बसलेली.

आता माझं.

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, निघायला दहा मिनिटं असताना, मागवलेल्या मालाचं खोकं आलं. आत बारा बाटल्या. अकरा फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि एक साध्या फ्रिजमध्ये. ती एक अठ्ठावीसची. तिच्यावर ठळक लिहिलेलं असतं, 'गोठवू नये'. मला त्या दिवशी चपलांच्या सेलला जायचं होतं. हो, चपलांच्या. काही मोठं कारण असतं तर मी ते इथे मिरवलं असतं. मी खोकं उघडलंच नाही, होतं तसं फ्रीझरमध्ये ढकललं आणि निघाले.

सकाळी बाटली दगड झालेली. असली औषधं गोठली की त्यांचा घाट मोडतो, पुन्हा पातळ झाली तरी जोर राहत नाही. हे मला ठाऊक होतं. मी ती मुठीत धरून वितळवली, पुसली आणि फ्रिजमध्ये तिच्या जागी ठेवून दिली. नवी यायला तीन महिने लागले असते आणि सरांचा आवाज जिन्यापर्यंत गेला असता. मला वाटलं, थोडा तरी जोर असेलच की. असं मला वाटलं नव्हतं, असं मी स्वतःला वाटवून घेतलं.

चौथ्या दिवशी मामीने ताटली उजेडात धरली. प्रत्येक ताटलीत एक रांग धडधाकट माणसाच्या रक्ताची असते, तुलनेसाठी. त्या पेशी उठल्याच पाहिजेत, नाहीतर ताटलीवर भरवसा नाही. त्या महिन्यात ती रांग माझ्या रक्ताची होती.

"भिंगरे, तुझ्या पेशी उठल्या नाहीत गं," मामी म्हणाली. "पार लाल नाहीत, पण हा काही पिवळा नव्हे. तुझा रंग मला माहीत आहे."

"यंत्र बघू दे ना," मी म्हटलं.

यंत्राने आकडा दिला, नेहमीच्या निम्म्याहून थोडा वर. चालवून घ्यायचा म्हटलं तर चालण्यासारखा, टाकायचा म्हटलं तर टाकण्यासारखा.

सोमवारच्या बैठकीत सर, दोन डॉक्टर, आम्ही दोघी. मामी बैठकीत बोलायची नाही. इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यांपुढे तिची जीभ अडखळायची. त्या दिवशी ती उभी राहिली. पदवी मिळाल्याच्या दिवशीही ती इतकी ताठ उभी राहिली नव्हती.

"सर, या महिन्याची ताटली धरू नका. अठ्ठावीसच्या बाटलीत काहीतरी आहे. हिच्या पेशी कधी अशा राहत नाहीत. रोग्यांच्या पेशी शांत दिसतायत त्या शांत नाहीत, त्यांना दुसरी खूण पोचलेलीच नाही."

सरांना तो अहवाल त्याच दिवशी पाठवायचा होता. ते वाईट माणूस नव्हते, घाईतले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी तब्येत बरी होती ना? सर्दी-बिर्दी? सर्दीतही पेशी मंदावतात."

मामीनेही माझ्याकडे पाहिलं. तिला बाटलीचं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त मी 'नाही सर, मी ठणठणीत होते' एवढं म्हणायला हवं होतं. पाच शब्द. माझ्या तोंडचा घास काढून कुणी नेणार नव्हतं.

"हो सर," मी म्हटलं, "थोडी सर्दी होती."

मामी आणखी क्षणभर उभी होती. मग तिने कागदाकडे पाहिलं, पुन्हा ताटलीकडे पाहिलं आणि ती खाली बसली. "सही करा बाई," सर म्हणाले. तिने सही केली.

शिंप्याच्या गोळ्या निम्म्या झाल्या. सातव्या आठवड्यात त्याचे पाय सुजून आले. त्याच्या पहारेकऱ्यांनी किडनी धरली होती, आणि कळलं तोवर ती हातची गेली होती. चौकशी झाली. दोन गृहस्थ आले, कागद चाळले, चहा घेतला. बाटली तोवर संपून कचऱ्यात गेलेली. काही रोग्यांत असं होतं, असा शेरा पडला. आळ कुणावरच आला नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं माझ्या मनात आलं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं होतं आणि ते वाटणं माझंच होतं. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या जिन्याने जायला लागले. शिंपी आठवड्यातून तीनदा आमच्याच इमारतीत तळमजल्यावर डायलिसिसला यायचा, आणि पुढचा जिना त्याच दाराशी उतरतो.

मामीने ताटली उजेडात धरणं सोडलं. एकदम नाही. आधी ती धरायची पण बोलायची नाही. मग धरायची आणि मला विचारायची, "हा पिवळाच ना गं?" मग यंत्राचा कागद येईपर्यंत हातही लावेना. पुढच्या वर्षी पेशी वाढवायच्या कपाटातली हवा बिघडली आणि सगळीच ताटली विचित्र दिसत होती, मलाही दिसत होती. मी म्हटलं, "मामी, बघ ना, काहीतरी बोल." ती म्हणाली, "मशीनला विचार." त्या दिवशी सरांना मीच सांगितलं. मी बोलले म्हणून सर्वांनी माझी पाठ थोपटली. मामीनेही थोपटली.

घरीही ते आलं. तिने दोनदा चष्मा बदलला. डोळ्यांच्या डॉक्टरने दोष काही नाही म्हटलं, तर ती दुसऱ्याकडे गेली. रस्ता ओलांडताना माझी बाही धरून विचारायची, "सिग्नल लाल आहे का?" मी हसून म्हणायचे, "मामी, दिसतोय की समोर." ती म्हणायची, "मला दिसतोय. पण आहे का?" मी त्याही वेळी हसले. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात तर दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लागलेली होती, आणि तरी मी हसले.

सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं, वळत नव्हतं. मामाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा म्हटलं, तो बरा होऊ दे. मला बढती मिळाली तेव्हा म्हटलं, थोडं स्थिरावू दे. पुढे मी कारणं शोधणंही सोडलं.

गेल्या मंगळवारी एक अर्ज माझ्या टेबलावर आला. माझ्या सहीने पुढे जायचा होता. निवृत्तीला तीन वर्षं असताना मामी नोकरी सोडत होती. कारणाच्या रकान्यात तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, 'रंग ओळखण्यात चुका होतात. माझ्या चुकीने एका रोग्याचं नुकसान झाल्याची शक्यता आहे. आणखी कुणाचं होऊ नये.'

मला ते दुसऱ्यांदा वाचता आलं नाही.

मामी भांडी धुवायच्या खोलीत होती. माणूस कमी होता म्हणून बाटल्या विसळायला ती आपणहून गेली होती. मी दार लावून घेतलं.

"मामी, मला सर्दी नव्हती."

"कधी?"

"चार वर्षांपूर्वी. त्या सोमवारी. मी ठणठणीत होते. अठ्ठावीसची बाटली रात्रभर फ्रीझरमध्ये राहिली होती, मी ठेवली होती. सकाळी मी ती वितळवून परत ठेवली. तू म्हणालीस ते सगळं खरं होतं."

तिने नळ बंद केला. हात पुसले, एकेक बोट वेगळं. मला वाटलं, मारेल. मारावं असंच वाटत होतं.

"म्हणजे तो पिवळा नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"मी दोन डॉक्टर केले गं. आरशासमोर पिवळा रुमाल धरून उभी राहायची मी, मामा झोपला की. म्हणायची, आपल्याला आता दिसत नाही आणि आपल्यामुळे त्या माणसाची किडनी गेली." तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "तू समोर बसून जेवत होतीस."

"माफ कर मला."

"ते नंतर बघू. आज कोणता वार?"

"मंगळवार."

"म्हणजे ती दोघं भाऊबहीण खाली आहेत. जा, आधी तिला सांग. सरांना मग. सर काही पळून जात नाहीत."

माझी पाचावर धारण बसली. बत्तीस वर्षांची मी, पण खरोखर लहान पोरीसारखा तिचा पदर धरला. "तू चल ना माझ्याबरोबर. नुसती उभी राहा. मी बोलते, तू फक्त..."

"नाही."

"मामी..."

"तेव्हा मी एकटीच उभी राहिले होते," ती म्हणाली आणि तिने पुन्हा नळ सोडला. "अर्ज तुझ्या टेबलावर राहू दे. त्यावर सही करू नकोस, फाडूही नकोस. माझं मी ठरवेन."

मी पुढच्या जिन्याने उतरले. डायलिसिसच्या खोलीबाहेर चार खुर्च्या आहेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर शिंप्याची बहीण. पिशवी मांडीवर. केस सगळे पांढरे झाले होते. मागच्या जिन्याने जाणाऱ्या माणसाला हे कळायचं कारण नव्हतं. तिने मला लगेच ओळखलं. पिशवी उचलून शेजारची खुर्ची मोकळी केली.

"बसा ना मॅडम. किती दिवसांनी. त्याला अजून दोन तास आहेत."

मी बसले.

"तुम्ही वरून आलात म्हणजे..." तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. बोटं खरखरीत होती, बहुधा तीही शिवणारी असावी; मी कधी विचारलंच नव्हतं. "त्याचा नंबर लागला का? मिळतेय का दुसरी? चांगली, तरण्या माणसाची बघा या वेळी. माझीच जुनी निघाली हो. डॉक्टर म्हणाले होते चालेल, पण वय लपतं का? रोज वाटतं, त्या वेळी मी पुढे झाले नसते तर त्याला कुणाची तरी धडधाकट मिळाली असती."

"ताई," मी म्हटलं, "तुमची किडनी चांगली होती."

ती हसली. तिला वाटलं मी तिची समजूत घालतेय.

"खरंच चांगली होती. ती माझ्यामुळे गेली."

तिने मान थोडी पुढे केली, ऐकू न आल्यासारखी. माझा हात अजून तिच्या हातांतच होता. मी काय म्हणाले ते तिला अजून कळायचं होतं.